लेकीचा अर्ज जर्मनीला जातो तेव्हा

सोलापूरला माझ्या आपाच्या घरी बाहेरच्या खोलीत एक शोकेस आहे. पूर्वी त्यात चिनी मातीचे कप असायचे. गेली दोन वर्षे त्या जागी एक निळी प्लास्टिकची फाइल आहे आणि तिला घरात कोणी हात लावायचा नाही, असा दुल्हेभाईंचा हुकूम आहे. फाइल माझ्या भाचीची. आज ती जर्मनीत ड्युसबुर्ग शहरात एम. एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये शिकते आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण तिथवर पोहोचायला तिला एकदा नापास व्हावे लागले, तेही परीक्षेत नव्हे, अर्जात.

अशा विषयावर सहसा यशाची गोष्ट लिहिली जाते. मला ती चुकलेली पहिली खेप जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या ओळखीच्या अनेक घरांत मुले-मुली इंजिनिअर होत आहेत, बाहेर जायचे म्हणत आहेत, आणि घरातल्या कोणालाच हा रस्ता माहीत नसल्यामुळे सगळा कारभार एजंटच्या हाती जातो. आमच्या घरीही तेच झाले.

दुल्हेभाईंनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढले. निवृत्त झाले तेव्हा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे हाती आले, त्यात धाकट्याचे शिक्षण, मोठीचे लग्न आणि गळणारे छप्पर असे तीन हिशेब आधीच मांडलेले होते. मुलीने इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी. ई. केले आणि एक दिवस जेवताना म्हणाली, “अब्बा, मला पुढे बाहेर शिकायचंय.” आपाने ताट सरकवले. दुल्हेभाईंनी एवढेच विचारले, “किती लागतील?”

या प्रश्नाच्या उत्तरावरच जर्मनी ठरली. अमेरिका आणि इंग्लंडची फी ऐकून तो विषय दहा मिनिटांत संपला. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणीची फी नसते. दर सेमिस्टरला शंभर ते चारशे युरोंच्या आसपास वर्गणी भरावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पास त्यातच येतो. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1500 युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 पासून अशा विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला 4000 किंवा 6000 युरो फी लावली आहे. इतरत्र मात्र बहुतेक ठिकाणी फी नाही. दुल्हेभाईंचा यावर विश्वास बसेना. “फुकट शिकवतात म्हणजे काहीतरी लफडं असणार,” असे ते आठवडाभर म्हणत होते.

लफडे जर्मनीत नव्हते, ते आमच्याकडच्या एजंटच्या ऑफिसात होते. नाव घेत नाही. गालिचा, एसी, भिंतीवर झेंडे. त्याने मुलीचे गुण पाहून मान हलवली आणि सांगितले की सरकारी विद्यापीठ कठीण आहे, एका खासगी संस्थेत ‘सीट’ पक्की करून देतो, वर्षाला अकरा-बारा लाख. आम्हाला नंतर कळले की सरकारी विद्यापीठे एजंटला दलाली देत नाहीत, खासगी संस्था देतात. त्यामुळे त्याच्या यादीत काय वर येणार आणि काय खाली राहणार, हे मुलीचे गुण पाहण्याआधीच ठरलेले असते. भाचीने हट्ट धरला तेव्हा त्याने नाइलाजाने तीन सरकारी विद्यापीठांचे अर्ज भरून दिले. ते कसे भरले हे पुढे सांगते.

आधी गुणांचे बोलू, कारण यात आपली मुले विनाकारण घाबरतात. जर्मनीत 1 हा सर्वांत चांगला गुण आणि 4 म्हणजे काठावर पास. आपल्याकडचा सीजीपीए तिकडच्या मोजमापात बदलायचे एक ठरलेले सूत्र आहे. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. भाचीचा सीजीपीए 8.2 होता, कमाल 10, उत्तीर्ण 4. म्हणजे 1.8 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1, उत्तर 1.9. बऱ्याच अभ्यासक्रमांची अट 2.5 च्या आत असावे अशी असते. जिला एजंट ‘कठीण’ म्हणाला, ती आरामात बसत होती. हा हिशेब तिने स्वतः कॅल्क्युलेटरवर केला तेव्हा दुल्हेभाईंनी तीन वेळा करून पाहिला.

गुणांइतकेच महत्त्व विषयांना असते. आपल्या पदवीत गणिताचे, सर्किटचे, प्रोग्रॅमिंगचे किती क्रेडिट आहेत हे तिकडे विषयवार तपासतात. त्यासाठी कॉलेजच्या शिक्क्याचा अभ्यासक्रम लागतो. तो मिळवायला कॉलेजच्या ऑफिसात चार हेलपाटे होतात. शेवटच्या वर्षातच हे काम उरकून घ्यावे.

आता नावाची गोष्ट. यावर मी दोन शब्द जास्त लिहिणार आहे, कारण हा खास आपल्या घरांचा दुखरा भाग आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर भाचीचे आडनाव ‘शेख’, इंग्रजीत ‘ए-आय’ने. पासपोर्टवर तेच ‘ई-आय’ने. वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण ‘मोहम्मद’, दुसऱ्या ठिकाणी ‘एमडी’, तिसऱ्या ठिकाणी मोहम्मदच नाही, थेट पुढचे नाव. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी येते, पासपोर्टवर मागे. कुठे आईच्या नावापुढे ‘बी’, कुठे ‘बेगम’, कुठे काहीच नाही. आपल्याला यात काही वाटत नाही. शाळेत ज्या मास्तरांनी जसे लिहिले तसे चालत आले. पण परदेशातला अधिकारी कागदांवरच माणूस ओळखतो, आणि त्याच्या लेखी या तीन वेगळ्या मुली असू शकतात.

आणि जर्मनीत हे टाळता येत नाही. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या शिक्षण व्हिसासाठी एपीएस नावाचे प्रमाणपत्र लागते. दिल्लीतले त्यांचे कार्यालय आपली सगळी शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत का, ते तपासते. फी 18,000 रुपये. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पासपोर्ट, पदवीचे कागद, सगळे त्यांच्यापुढे जाते. बऱ्याच विद्यापीठांना तर अर्जाबरोबरच हे प्रमाणपत्र हवे असते. म्हणजे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. आमच्या एजंटने ती शेवटची असल्यासारखी वागवली.

भाचीचे नाव दुरुस्त करायला वकिलाकडचे प्रतिज्ञापत्र, राज्य सरकारच्या राजपत्रात नावबदलाची नोंद आणि त्यावरून नवा पासपोर्ट असा प्रवास झाला. यात अडीच महिने गेले. राजपत्रातली ती एक ओळ आज निळ्या फाइलीत पहिल्या पानावर आहे.

तोवर जुलै उजाडला. तिकडचे हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलैला संपते. काही विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी 31 मे किंवा त्याहूनही आधी. उन्हाळी सेमिस्टरची मुदत साधारण 15 जानेवारी, पण तेव्हा अभ्यासक्रम कमी उपलब्ध असतात. अनेक विद्यापीठे परदेशी अर्जांची छाननी बर्लिनच्या ‘युनि-असिस्ट’ या संस्थेमार्फत करून घेतात. पहिल्या अर्जाला 75 युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला 30 युरो. काही ठिकाणी असे असते की ही संस्था आपले कागद पाहून, गुण बदलून एक प्राथमिक दाखला देते, आणि तो दाखला घेऊन विद्यार्थ्याने पुन्हा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करायचा असतो. दाखला यायला चार-सहा आठवडे धरावे लागतात. हे त्यांच्या सूचनांत स्वच्छ लिहिलेले आहे. आम्ही वाचले नव्हते, आणि एजंटने वाचले असेल तर सांगितले नाही. त्याने अर्ज 10 जुलैला पाठवला. “मुदत 15 आहे, पाच दिवस हातात आहेत,” असे म्हणाला. दाखला आला तेव्हा ऑगस्ट सुरू झाला होता आणि विद्यापीठाचे दार बंद होते. दुसऱ्या ठिकाणी एपीएस नाही म्हणून अर्ज बाद झाला. तिसऱ्याने विषयांचे क्रेडिट जुळत नसल्याचे कळवले.

त्या रात्री आपाचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज बसलेला. म्हणाली, “पोरीनं दोन दिवस जेवण घेतलं नाही. तिचे अब्बा म्हणतात, जाऊ दे, नसीब.” मी दुसऱ्या दिवशी मिरजेहून सोलापूरची गाडी धरली. नसीब वगैरे ठीक आहे, पण 10 जुलै ही तारीख नसिबाने लिहिलेली नव्हती.

पुढचे वर्ष भाचीने सोलापुरातच एका क्लासमध्ये शिकवत काढले, आणि या वेळी एजंट नाही. जर्मनीच्या डीएएडी या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांची यादी मोफत पाहता येते. त्यातून तिने वहीत तक्ता केला: अभ्यासक्रम, अटी, मुदत, कोणते कागद, अर्ज कुठून. आयईएल्ट्समध्ये साडेसहाच्या वर गुण लागतात, ते होते. शिवाय पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनची जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा दिली. इंग्रजीतल्या अभ्यासक्रमाला ती सक्तीची नव्हती, पण किराणा दुकानातला माणूस इंग्रजी बोलेलच असे नाही.

प्रवेशासाठी एक पत्र लिहावे लागते: हा अभ्यासक्रम का निवडला, तुम्ही आजवर काय केले, पुढे काय करायचे आहे. पहिल्या वर्षीचे पत्र एजंटच्या साच्यातले होते. लहानपणापासून विज्ञानाची आवड, जर्मनी ही अभियंत्यांची भूमी, वगैरे. तेच पत्र त्याने आणखी किती जणांना दिले असेल, अल्लाह जाणे. दुसऱ्या वर्षी मी तिला म्हटले, तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल लिही. तिने बसच्या ब्रेक लायनिंगची झीज मोजणारा एक छोटा सेन्सर बनवला होता. का बनवला, तर वडिलांनी वर्षानुवर्षे गाडीखाली झोपून टॉर्चच्या उजेडात तीच झीज डोळ्यांनी तपासली होती. प्रयोग कुठे फसला, आकडे का चुकत होते आणि ते नीट करायला तिला काय शिकायचे आहे, हे तिने दोन पानांत लिहिले. दुल्हेभाईंना ते पत्र मराठीत वाचून दाखवले. ते उठून नळावर वजू करायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मार्चमध्ये एपीएस हातात. एप्रिलमध्ये चार अर्ज. जूनमध्ये दोन होकार.

मग पैशाचा खरा प्रश्न आला. फी नसली तरी राहण्या-खाण्याचा खर्च आपण करू शकतो, हे व्हिसाच्या वेळी दाखवावे लागते. सर्वसाधारण मार्ग म्हणजे ‘ब्लॉक्ड अकाउंट’. त्यात वर्षभराचे 11,904 युरो आधीच भरायचे, आणि तिथे गेल्यावर दरमहा 992 युरो मिळत राहतात. त्या दिवसांतल्या भावाने ही रक्कम बारा लाखांच्या घरात गेली. शिवाय वर्षाला दहा लाखांहून जास्त रक्कम बाहेर पाठवली की वरच्या भागावर बँक टीसीएस कापते. ते रिटर्न भरताना वळते होते, पण त्या दिवशी तर खिशातून जातेच.

बँकेतला साहेब सहज म्हणाला, एज्युकेशन लोन घ्या, सगळेच घेतात. दुल्हेभाई आयुष्यात कोणाच्या व्याजाच्या पैशाला शिवले नाहीत. “सूद का पैसा घर में नक्को,” एवढेच बोलून ते बँकेच्या पायऱ्या उतरले. यावर घरात वाद झाला, तोही खुलून सांगते. माझ्या नवऱ्याचे म्हणणे होते की मुलीचे भविष्य अडवून ठेवायचे का. भाची गप्प. आपा म्हणाली, माझ्या बांगड्या आहेत. मी कोणाची बाजू घेतली नाही, कारण तो पैसा दुल्हेभाईंचा होता आणि ज्याला त्याला आपला हिशेब आपल्या रबला द्यायचा आहे. पूर्वी केंद्र सरकारची ‘पढो परदेश’ योजना अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या अशा कर्जावरचे व्याज भरत असे. ती 2022-23 पासून बंद झाली.

शेवटी सात लाख फंडातून निघाले. छप्पर आणखी दोन पावसाळे तसेच राहील असे ठरले. बाकीचे कर्ज-ए-हसना म्हणून नात्यातून आले: माझ्याकडून दीड लाख, चाचांकडून दोन, आणि उरलेले भाचीच्या क्लासच्या पगारातून आणि आपाच्या दोन बांगड्यांतून. सगळे कागदावर लिहिले, कोणाचे किती, केव्हापर्यंत परत, दोन साक्षीदारांच्या सह्या. नात्यात लिहिणे बरे दिसत नाही असे चाचा म्हणाले. पण उधारी लिहून ठेवायचे कुराणातच सांगितले आहे, हे आठवण करून दिल्यावर त्यांनीच पेन काढले.

इथे एक गोष्ट आम्हाला कोणीही आधी सांगितली नव्हती. मास्टर्स दोन वर्षांचे असते, आणि पहिल्या वर्षानंतर राहण्याचा परवाना वाढवताना पुढच्या काळाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते, त्यातून बरेच भागते. पण पहिल्या दिवसापासून काम मिळेल असे धरून निघालेल्यांचे हाल होतात. 992 मधून आरोग्य विम्याचेच सव्वाशे-दीडशे युरो जातात. विद्यार्थी वसतिगृहाची खोली स्वस्त असते, पण तिला प्रतीक्षायादी असते. प्रवेशपत्र आले त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज करावा.

पैसे जमले तेव्हा दुसरा प्रश्न दारात उभा राहिला, आणि तो आणणारे नातेवाईक होते. मुलगी एकटी, एवढ्या लांब? मला यात गंमत वाटते. मुंबईच्या अतिया फैजी 1906 मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. तिथून लिहिलेली त्यांची रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या पत्रिकेत छापून येत असे आणि पुढे 1921 मध्ये तिचे ‘जमाना-ए-तहसील’ हे पुस्तक झाले. प्रकृतीमुळे त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला नाही, पण घराघरांतल्या मुलींनी ती पाने वाचली. जर्मनीचेच म्हणाल तर डॉ. झाकीर हुसेन बर्लिनमध्ये डॉक्टरेट करून 1926 मध्ये जामियाला परतले, आणि आपल्या इरावती कर्वेंनी 1930 मध्ये तिथूनच पीएच. डी. मिळवली. शंभर वर्षांपूर्वी बोटीने जे झाले त्यावर आज विमानाच्या काळात आम्ही चर्चा करतो.

तरीही आपाची काळजी खोटी नव्हती. हिजाब, खाणे, नमाज. दोन होकारांपैकी भाचीने ड्युसबुर्ग निवडले त्यात याचा वाटा होता. 1961 मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तानमध्ये कामगारांचा करार झाला, आणि ऱ्हाइनकाठच्या या पोलाद-कोळशाच्या शहरात हजारो तुर्की कुटुंबे आली, राहिली. त्यामुळे हलाल मटणाचे दुकान, मशीद, रमजानचा बाजार हे सगळे आहे. मार्क्सलो भागातली मोठी मशीद 2008 मध्ये उघडली. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये शाकाहारी पदार्थांवर खूण असते, त्यावर दुपार निभते. डोनर विकणारा तुर्की आहे म्हणजे मांस हलाल आहे असे समजू नये, विचारून घ्यावे, हे तिने पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितले.

विद्यापीठात डोक्यावरच्या ओढणीला कोणी अडवत नाही. नोकरीच्या बाजारात मात्र सगळे गोड नाही, आणि ते लपवू नये. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सारख्याच पात्रतेचे सुमारे दीड हजार अर्ज जर्मन कंपन्यांना पाठवले गेले. जर्मन नावाच्या अर्जांपैकी 18.8 टक्क्यांना मुलाखतीचे बोलावणे आले, तुर्की नावाच्या 13.5 टक्क्यांना, आणि तुर्की नाव व हिजाबातला फोटो असलेल्या अर्जांपैकी फक्त 4.2 टक्क्यांना. हे आकडे मी भाचीला जाण्याआधी दाखवले होते. ती म्हणाली, “खाला, पुण्यात घर भाड्यानं शोधताना आपलं आडनाव ऐकून काय व्हायचं ते आठवतं का?” मी गप्प बसले. शिक्षणानंतर नोकरी शोधायला तिथे 18 महिने राहता येते. बघू, तेव्हा काय होते.

डिसेंबरात तिकडे साडेचारच्या आत मगरिब होते, आणि जोहर-असर लेक्चरच्या मधल्या सुट्टीत एकामागोमाग येतात. ग्रंथालयाच्या जिन्याखाली एक कोपरा तिने आणि एका मोरोक्कन मैत्रिणीने शोधून ठेवला आहे. यंदाच्या रमजानचे सुरुवातीचे रोजे सोलापूरपेक्षा थोडे लहानच होते, त्यामुळे आपाला उगीच वाईट वाटायचे कारण उरले नाही. पहिल्या इफ्तारला भाचीने व्हिडिओवर खजूर दाखवला, मागे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजत होती. कुकर इथूनच नेलेला, सामानात साडेतीन किलोची जागा खाऊन.

फेब्रुवारीपासून तिला विद्यापीठाच्याच एका प्रयोगशाळेत आठवड्याला दहा तासांचे काम मिळाले आहे. चाचांचे पन्नास हजार एप्रिलमध्ये परत गेले. कागदावर त्या ओळीपुढे दुल्हेभाईंनी तारीख घालून सही केली. आणि मागच्या महिन्यात धाकट्याचा दहावीचा फॉर्म भरायचा होता, तेव्हा ते स्वतः शाळेत गेले. लिपिकासमोर पासपोर्ट ठेवला आणि म्हणाले, “यात जसं आहे, अगदी तसंच लिहा. एकही अक्षर इकडचं तिकडं नको.”